इटलीची १३३वी रणगाडा रेजिमेंट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्तर आफ्रिकेतल्या महायुद्धाचा विषय निघाला की आपल्याकडे जर्मन सेनापती रोमेल येतो, ब्रिटिश सेनापती माँटगोमेरी येतो, आणि इटालियन सैनिक आलेच तर थट्टेपुरते येतात. मी गेली बरीच वर्षे या आघाडीबद्दल वाचतो आहे, आणि ती थट्टा मला दिवसेंदिवस जास्त खुपते. लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरे एका रेजिमेंटच्या निमित्ताने इथे एकत्र देतो आहे.

ही रेजिमेंट नेमकी कोणती?

इटालियन भूदलाची १३३वी रणगाडा रेजिमेंट. ती १९४१ मध्ये उभी राहिली, १३३व्या 'लित्तोरिओ' चिलखती डिव्हिजनमधून उत्तर आफ्रिकेत लढली आणि १९४२ च्या अखेरीस इजिप्तमधल्या एल अलामेनच्या दुसऱ्या लढाईत संपली. प्रत्यक्ष रणांगणावरचे तिचे आयुष्य वर्षभराचेही भरत नाही. पुढे १९७६ मध्ये तिचा ध्वज दक्षिण इटलीतल्या अल्तामुरा इथल्या एका रणगाडा बटालियनकडे आला. नव्वदीच्या दशकात थोडी वर्षे ती पुन्हा रेजिमेंट म्हणून उभी राहिली आणि परत विसर्जित झाली. तेव्हापासून ती निष्क्रिय आहे.

३१वी, ३२वी, ३३वी आणि १३१वी, १३२वी, १३३वी. हा काय घोळ आहे?

घोळ खराच आहे, आणि वाचताना चांगले जाणकारही त्यात अडकतात. इटलीच्या तीन चिलखती डिव्हिजन होत्या : १३१वी 'चेंताउरो', १३२वी 'आरिएते' आणि १३३वी 'लित्तोरिओ'. त्यांच्या मूळच्या रणगाडा रेजिमेंटा अनुक्रमे ३१वी, ३२वी आणि ३३वी. या सुरुवातीला हलक्या, दोन माणसांच्या छोट्या गाड्यांवर चालत. मध्यम वजनाचे रणगाडे कारखान्यातून येऊ लागले तेव्हा त्यांच्यासाठी शंभराने पुढचे क्रमांक देऊन नव्या रेजिमेंटा काढल्या. म्हणून लित्तोरिओची जुनी ती ३३वी आणि आफ्रिकेत गेलेली ती १३३वी. शिवाय त्याच डिव्हिजनच्या तोफखाना रेजिमेंटचा क्रमांकही १३३च. त्यामुळे कुठे नुसते '१३३वी' दिसले, तर डिव्हिजन, रणगाडे की तोफखाना हे आधी पाहून घ्यावे.

'लित्तोरिओ' म्हणजे काय?

प्राचीन रोममध्ये अधिकाऱ्यांपुढे दांडक्यांची मोळी आणि कुऱ्हाड घेऊन चालणारे सेवक असत, त्यांच्यावरून आलेला हा शब्द. मुसोलिनीच्या पक्षाने तीच मोळी आपली खूण केली होती. युद्धानंतर इटलीने चिलखती डिव्हिजन पुन्हा उभ्या केल्या, तेव्हा आरिएते आणि चेंताउरो ही नावे परत आली. लित्तोरिओ आले नाही, ते योग्यच झाले. मात्र नाव गेले म्हणून त्याखाली लढलेली विशी-बाविशीतली पोरेही विस्मरणात जावीत, हे मला पटत नाही.

रणगाडेवाले पायदळात मोडतात की घोडदळात?

आपल्याकडे चिलखती दळ घोडदळातून आले, त्यामुळे हा प्रश्न भारतीय वाचकांना हमखास पडतो. इटलीत उलट घडले. १९२७ मध्ये रोमला पहिली रणगाडा रेजिमेंट निघाली, आणि तिथून पुढे रणगाडे पायदळाचेच मानले गेले. महायुद्धात या रेजिमेंटचे अधिकृत नावही 'रणगाडा पायदळ रेजिमेंट' असेच होते. तिथल्या रणगाडेवाल्यांना 'कार्रिस्ती' म्हणतात. कॉलरवर निळ्या पट्टीवर लाल ज्वाळा ही त्यांची खूण. 'लोखंडी देह, लोखंडी काळीज' हे त्यांच्या ब्रीदाचे मराठी रूप होईल. १९९९ मध्ये कार्रिस्तींना पायदळातून काढून घोडदळात घातले. तोवर १३३वी विसर्जित झाली होती, म्हणजे ती जन्मभर पायदळाचीच राहिली.

त्यांच्याकडे रणगाडे कोणते होते?

या प्रश्नावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण पुढचे सगळे यातून कळते.

एम१३/४० आणि त्याचाच थोडा सुधारलेला भाऊ एम१४/४१. 'एम' म्हणजे मध्यम, मधला आकडा टनांचा, शेवटचा वर्षाचा. जेनोव्हाच्या आन्साल्दो कारखान्यात ते तयार होत. आत चार माणसे : चालक, त्याच्या शेजारी रेडिओ आणि मशिनगन सांभाळणारा, आणि वर बुरुजात दोघे. त्या दोघांतला एक गोळे भरणारा, दुसरा कमांडर. तोफेचा नेमही कमांडरच धरायचा. म्हणजे त्याने रणांगणावर नजर ठेवायची, चालकाला दिशा द्यायची, कंपनी काय करते आहे ते पाहायचे आणि त्याच वेळी दुर्बिणीला डोळा लावून तोफही डागायची. जर्मन रणगाड्यांत याच कामांसाठी बुरुजात तीन माणसे असत. एका माणसाच्या डोक्यावर एवढा भार टाकला की गाडी चार-पाच सेकंदांनी मागे पडते, आणि रणगाड्यांच्या लढाईत तेवढी सेकंदे पुरतात.

तोफ ४७ मिलिमीटरची. १९४० मध्ये ती वाईट नव्हती. त्या वर्षीच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्या ती फोडू शकत होती. चिलखत मात्र पुढच्या बाजूला जेमतेम ३० मिलिमीटर, बुरुजाच्या तोंडाशी थोडे जास्त, आणि तेही वेल्डिंगने न सांधता रिव्हेट ठोकून जोडलेले. गोळा बाहेरून आदळला आणि पत्रा फुटला नाही, तरी रिव्हेटची डोकी तुटून आत गोळीसारखी उडत. पोलादात चिवटपणाही कमी होता, पत्रा तडकायचा. कार्रिस्ती पुढच्या बाजूला वाळूच्या गोणी आणि पट्ट्याच्या सुट्या कड्या बांधत. त्याने गाडी जड होई, आधीच दमणारे इंजिन आणखी दमे.

एक गोष्ट चांगली होती : इंजिन डिझेलवर चाले, त्यामुळे पेट्रोलच्या गाड्यांपेक्षा पेट घेण्याचा धोका कमी. वाळवंटात बसलेल्या चार माणसांच्या लेखी याचे मोल मोठे होते.

आता समोर काय होते ते पाहा. ऑक्टोबर १९४२ मध्ये ब्रिटिशांकडे अमेरिकन शेर्मन आले : वजन तीस टनांच्या आसपास, तोफ ७५ मिलिमीटरची. शेर्मन जिथून एम१४ ला फोडू शकत होता, तिथून एम१४ ने शेर्मनला समोरून काहीही करणे शक्य नव्हते. इटालियनांकडे यावर तोड म्हणून एकच धड हत्यार होते, 'सेमोव्हेंते' : रणगाड्याच्याच सांगाड्यावर बुरुजाऐवजी ७५ मिलिमीटरची आखूड तोफ बसवलेली ठेंगणी गाडी. पण त्या थोड्या होत्या, आणि त्या तोफखान्याच्या ताब्यात असत.

रेजिमेंटमध्ये एकूण किती गाड्या असत?

कागदावर एका बटालियनमध्ये ५२ : सोळा-सोळाच्या तीन कंपन्या आणि मुख्यालयाच्या चार. एल अलामेनच्या दुसऱ्या लढाईला १३३व्या रेजिमेंटकडे चौथी, बारावी आणि एकावन्नावी अशा तीन बटालियन होत्या. लढाईच्या सुरुवातीला लित्तोरिओकडे सुमारे ११५ मध्यम रणगाडे होते, म्हणजे कागदावरच्या आकड्यापेक्षा चाळीसेक कमी. आरिएतेकडे १२९ आणि मोटारींवरच्या पायदळाच्या त्रिएस्ते डिव्हिजनकडे ३४. समोर ब्रिटिशांचे हजाराहून अधिक.

आफ्रिकेत ती केव्हा पोचली?

१९४२ च्या सुरुवातीपासून, तुकड्यातुकड्याने. भूमध्य समुद्रात माल्टाचे बेट ब्रिटिशांच्या हातात होते, आणि लिबियाकडे निघालेल्या प्रत्येक जहाजाला त्या बेटाच्या तावडीतून सुटून जावे लागायचे. माणसे, गाड्या, सुटे भाग, सगळे वेगवेगळ्या फेऱ्यांत येई, आणि काही समुद्राच्या तळाशी जाई. त्यात भर म्हणजे जे पोचले तेही लित्तोरिओला राहिले नाही. आघाडीवरच्या आरिएते आणि त्रिएस्ते यांची भरती करण्यासाठी तिच्या बटालियन काढून घेतल्या गेल्या. एकत्र सराव केलेली माणसे अशी पांगली, आणि त्यांच्या जागी दुसरीकडच्या बटालियन आणून १३३वी पुन्हा जुळवावी लागली. या रेजिमेंटचे पहिले नुकसान शत्रूने केलेले नाही, असे मला वाटते ते यामुळे.

जून १९४२ मध्ये डिव्हिजन आघाडीवर आली. लिबियातले तोब्रुक बंदर पडल्यानंतरच्या इजिप्तमधल्या मुसंडीत ती होती, मेर्सा मात्रूहला होती, जुलैमध्ये एल अलामेनच्या पहिल्या लढाईत होती. ऑगस्टच्या अखेरीस आलम हल्फाला रोमेलने दक्षिणेकडून वळसा घालायचा शेवटचा प्रयत्न केला, त्यातही होती. तिथे भूसुरुंग, विमानांचा मारा आणि इंधनाचा खडखडाट या तिन्हींनी मिळून तो हल्ला बसवला. त्यानंतर पुढे जाणे संपले. उरले ते खणून बसणे.

'स्नाइप'ची लढाई काय होती? तिथे १३३वी होती का?

होती. आणि हा प्रसंग बहुतेक वेळा एकाच बाजूने सांगितला जातो.

२३ ऑक्टोबर १९४२ च्या रात्री ब्रिटिश तोफखाना सुरू झाला, आणि एल अलामेनची दुसरी लढाई पेटली. लित्तोरिओ उत्तरेकडच्या भागात होती, १५व्या जर्मन पँझर (रणगाडा) डिव्हिजनसोबत, दोघांचे मिश्र गट करून. २६ च्या रात्री ब्रिटिश रायफल ब्रिगेडची दुसरी बटालियन अंधारात पुढे सरकून वाळवंटातल्या एका उथळ खोलगट जागी शिरली. तिथे जर्मन अभियंत्यांचा सोडून दिलेला साठा होता. या जागेचे सांकेतिक नाव 'स्नाइप'. त्यांच्याकडे ५७ मिलिमीटरच्या रणगाडाविरोधी तोफा होत्या, बसक्या, वाळूत सहज लपणाऱ्या. उजाडले तेव्हा ब्रिटिशांच्या लक्षात आले की दोन बाजूंना जर्मन आणि इटालियन रणगाड्यांचे तळ आहेत आणि आपण मधोमध आहोत.

२७ ऑक्टोबरचा सबंध दिवस तिथे लढाई झाली. १३३व्या रेजिमेंटच्या बाराव्या बटालियनचे कॅप्टन प्रेवे यांच्या हाताखालच्या गाड्या या ब्रिटिश ठाण्यावर चालून गेल्या, पाठीशी सेमोव्हेंते होते. उघडे सपाट वाळवंट, लपायला टेकाड नाही, आणि समोरची तोफ डागेपर्यंत दिसत नाही. दुपारी एकच्या सुमारास आठ-नऊ इटालियन गाड्या अशा कोनातून आल्या की त्यांच्यावर ब्रिटिशांची एकच तोफ रोखता येत होती. त्या तोफेवर सार्जंट कॅलिस्टन, स्वतः कमांडर लेफ्टनंट कर्नल टर्नर आणि लेफ्टनंट टॉम्स असे तिघे. पहिल्या गाड्या फुटल्या, तरी बाकीच्या येतच राहिल्या. तोफेशी तीन-चारच गोळे उरले तेव्हा टॉम्स जीपमधून मशिनगनच्या माऱ्यातून आणखी गोळे घेऊन आला. टर्नर यांच्या डोक्याला तुकडा लागला. शेवटच्या गाड्या शे-दोनशे मीटरवर आल्या असताना त्याही फुटल्या.

टर्नर यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि तो पुरेपूर कमावलेला होता. पण हीच गोष्ट दुसऱ्या टोकाने वाचून पाहा. ३० मिलिमीटरच्या पत्र्यामागे बसलेली चार माणसे, शेजारची गाडी पेटलेली, तिच्या पुढचीही पेटलेली, आणि तरीही चालक गियर बदलून पुढेच जातो. शे-दोनशे मीटरपर्यंत पोचलेल्या त्या शेवटच्या गाड्यांतल्या माणसांना वळून जायला पुरेसा वेळ होता. ती वळली नाहीत.

रेजिमेंटचा शेवट कसा झाला?

१ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर माँटगोमेरीचा शेवटचा मोठा हल्ला सुरू झाला. २ तारखेला तेल एल अक्काकीरच्या उंचवट्याभोवती रणगाड्यांची लढाई पेटली. पहाटेच्या चढाईत ब्रिटिशांच्या ९व्या चिलखती ब्रिगेडचा जवळजवळ चुराडा झाला, पण तिने मोर्चा ठिसूळ केला आणि मागून शेर्मन आले. दिवस मावळेपर्यंत लित्तोरिओचे आणि त्रिएस्तेचे रणगाडे नावापुरते उरले. आरिएतेला दक्षिणेकडून घाईने वर आणले, ती ४ नोव्हेंबरला घेरली जाऊन संपली. लित्तोरिओची उरलीसुरली माणसे मिश्र तुकड्यांमधून पश्चिमेकडे हटली. त्याच महिन्यात १३३वी रेजिमेंट युद्धात नष्ट झाल्याचे जाहीर झाले.

मागे हटतानाही फरक होता. मोटारी होत्या त्यांना हटता आले. पायी लढणाऱ्या इटालियन डिव्हिजन वाळवंटातच मागे राहिल्या आणि हजारोंनी कैद झाल्या. 'इटालियन हजारोंनी शरण आले' या वाक्यामागे पुष्कळदा एवढेच असते : ट्रक नव्हते, पाणी नव्हते.

मग 'इटालियन लढलेच नाहीत' हे खोटे का?

सरसकट खोटे. डिसेंबर १९४० पासून फेब्रुवारी १९४१ पर्यंत, १३३वी जन्मायच्या आधी, इजिप्त-लिबिया सीमेपासून पुढे लिबियात इटालियन सैन्याचा मोठा पराभव झाला. लाखाच्या वर माणसे कैद झाली, आणि ती छायाचित्रे जगभर गेली. थट्टा तिथे जन्मली आणि पुढच्या दोन वर्षांतले काहीही तिला पुसू शकले नाही. दोष कुणाचा हे विचारायचे तर तो रोममध्ये शोधावा. आपल्या कारखान्यांना काय झेपते याचा अंदाज न घेता ज्यांनी युद्ध पुकारले, त्यांनी या माणसांना १९४० ची गाडी देऊन १९४२ च्या लढाईत पाठवले. ते युद्ध आक्रमकांचे होते, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हणायला हवे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्यातली एक सांगून दुसरी गाळणे मला प्रामाणिक वाटत नाही.

एल अलामेनजवळचा तो प्रसिद्ध दगड १३३व्या रेजिमेंटचा आहे का?

'नशीब कमी पडले, शौर्य नाही' अशा अर्थाचा मजकूर, १ जुलै १९४२ ही तारीख आणि अलेक्झांड्रिया १११ किलोमीटर असे कोरलेला तो दगड बेर्सालिएरी पायदळाच्या ७व्या रेजिमेंटचा. अनेकदा रणगाडेवाल्यांच्या नावावर खपवला जातो, ते चूक.

भारतीय, विशेषतः मराठी सैनिकांशी तिची गाठ पडली होती का?

थेट १३३वीशी पडल्याचे सांगता येईल असा प्रसंग माझ्या वाचनात नाही, पण आसपास पुष्कळ काही आहे.

२७ मे १९४२ च्या सकाळी लिबियातल्या बीर हकेमच्या आग्नेयेला तिसऱ्या भारतीय मोटर ब्रिगेडवर इटालियन रणगाड्यांनी धाड घातली आणि तिचा मोर्चा तुडवला. ते रणगाडे १३२व्या रेजिमेंटचे, म्हणजे आरिएतेचे. त्या दिवशी कैद झालेल्यांत पुढे भारताचे लष्करप्रमुख झालेले कुमारमंगलम होते. समाजमाध्यमांवर या प्रसंगात कधी कधी १३३वीचे नाव येते, ते या क्रमांकांच्या गोंधळामुळे.

तोब्रुकचे दुःख मात्र आपल्या घरचे आहे. २० जून १९४२ च्या पहाटे रोमेलचा घाव ज्या आग्नेय कोपऱ्यावर बसला, तिथे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन होती. विमानांचा भडिमार, मग तोफा, मग रणगाडे. बटालियन त्यात गेली, वाचले ते कैदी झाले. सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीकडच्या कित्येक घरांत पुढे महिनोन्महिने पत्र आले नाही.

ऑक्टोबरमध्ये एल अलामेनला चौथी भारतीय डिव्हिजन रुवेसात कड्यावर होती. लित्तोरिओ तिच्या बरीच उत्तरेला. मराठा पलटणी पुढे प्रत्यक्ष इटलीत लढल्या. यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मधल्या आणि नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मधल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले ते तिथलेच, पण तिथे समोर जर्मन होते. १३३वी तेव्हा उरली नव्हती, आणि सप्टेंबर १९४३ मध्येच इटलीने दोस्तांशी युद्धबंदी केली होती.

युद्धानंतर तिचे काय झाले?

बराच काळ काहीच नाही. १९७५ मध्ये इटालियन भूदलाची मोठी फेररचना झाली, रेजिमेंट ही पायरीच काढून टाकली आणि स्वतंत्र बटालियन केल्या. प्रत्येक बटालियनला एखाद्या जुन्या रेजिमेंटचा ध्वज आणि वारसा सोपवला. रणगाडा बटालियनना शौर्याचे सुवर्णपदक मिळालेल्या कार्रिस्तींची नावेही दिली. १३३वीचा ध्वज आला अल्तामुराच्या ६०व्या 'लोकातेल्ली' बटालियनकडे, जी पिनेरोलो ब्रिगेडमध्ये होती. शीतयुद्धात इटलीचे बहुतेक रणगाडे ईशान्य सीमेवर तैनात असत, अल्तामुरा त्या मानाने लांब दक्षिणेला. बर्लिनची भिंत पडली, सैन्य आटू लागले, रेजिमेंटची पायरी परत आली. १३३वी पुन्हा उभी राहिली आणि थोड्याच वर्षांत मिटली. तिच्या जागी ३१वी रेजिमेंट अल्तामुराला आली, जुन्या क्रमांकांचा वारसा पुढे चालवत.

योगायोग म्हणा, पण महायुद्धात याच अल्तामुरा आणि शेजारच्या ग्राविना गावाच्या मधल्या माळावर इटलीने एक प्रचंड युद्धकैदी छावणी उभारली होती, ६५ क्रमांकाची. उत्तर आफ्रिकेत पकडलेले दोस्तांचे सैनिक तिथे ठेवत.

'निष्क्रिय' म्हणजे कायमची बंद?

नाही. माणसे आणि गाड्या दुसरीकडे जातात, ध्वज जपून ठेवला जातो. रोममध्ये व्हिक्टर इमॅन्युएलचे जे पांढरे भव्य स्मारक आहे, त्यात विसर्जित पलटणींच्या ध्वजांचे दालन आहे. तिथे ठेवलेला ध्वज उद्या नव्या पलटणीला देता येतो. आज इटलीत ४थी, ३२वी आणि १३२वी या रणगाडा रेजिमेंटा चालू आहेत. रणगाड्याचे नाव पुन्हा 'आरिएते'च.

प्रत्यक्ष काही पाहायचे असेल तर?

महाराष्ट्रात अहिल्यानगरचे (पूर्वीचे अहमदनगर) रणगाडा संग्रहालय सोडू नका. एल अलामेनला १३३वीच्या समोर जे रणगाडे उभे होते, त्यांतला व्हॅलेंटाइन तिथे आहे. त्याच्या पुढच्या चिलखताची जाडी बघा आणि एम१४ च्या ३० मिलिमीटरचा आकडा मनात ठेवा.

इजिप्तला जाणे झाले, तर एल अलामेनच्या राष्ट्रकुल दफनभूमीत एका बाजूला दहन-स्मारक आहे. आपापल्या धर्माप्रमाणे अग्नी दिलेल्या सहाशेहून अधिक सैनिकांची नावे तिथे आहेत, त्यांत आपली माणसे आहेत. तिथून पश्चिमेला किनाऱ्याच्या रस्त्यावर इटालियन स्मारकाचा अष्टकोनी मनोरा दिसतो. पाओलो काच्चा दोमिनिओनी यांनी तो बांधला. ते स्वतः या लढाईत अभियंता बटालियनचे अधिकारी होते. युद्धानंतर ते परतले आणि भूसुरुंगांनी भरलेल्या वाळवंटातून वर्षानुवर्षे मृतदेह शोधून काढत राहिले, आपले आणि शत्रूचेही. १९५९ मध्ये स्मारक पुरे झाले. रणगाड्यात जळालेल्या माणसाची ओळख पटवणे किती अवघड असते, ते आतल्या भिंतींवर दिसते. पुष्कळ फरशांवर नाव नाही, 'इन्योतो' एवढेच कोरले आहे : अज्ञात.